रविवारची रेंज

रॅटलस्नेक पायवाटेच्या बरोबर मधोमध ऊन खात पडला होता. मी चार पावलं मागे उडालो. काका होते तिथेच थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, "अहो, जरा सरकता का? आम्हाला पुढे जायचंय."

साप सरकला नाही. त्याने शेपटी वाजवून आपलं मत कळवलं.

"बरं बरं. सावकाश होऊ द्या," काका म्हणाले, आणि पाठीवरची सॅक उतरवून एका दगडावर बसले. बँकेत आपला नंबर यायची वाट बघत बसावं तसे. एका बाजूला घसरडा उतार, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, त्यामुळे वळसा घालायला जागा नव्हती. सापाला घाई नव्हती आणि काकांनाही नव्हती. घाई फक्त मला होती, आणि ती कशाची होती हे मला आजही सांगता येणार नाही.

काका सगळ्यांना अहो म्हणत. सापाला, सरड्याला, महाराष्ट्र मंडळातल्या बालवाडीच्या पोरांना, फोनवर उत्तर देणाऱ्या यंत्रालासुद्धा. "अहो बाई, दोन दाबलंय मी मघाशीच." मी त्यांच्याहून एका पिढीने लहान, तरी मला ते "अहो पुणेकर" म्हणायचे. ते नागपूरचे, मी पुण्याचा. तेव्हा पुणेकर या शब्दात टोमणा असणार हे मी धरूनच चाललो होतो. पण अहोमध्ये टोमणा नव्हता. एकदा मी म्हटलं, "काका, मला अरे म्हणा की. ओशाळल्यासारखं होतं."

"अरे म्हणायला आधी त्या माणसाचं नाक पुसलेलं असावं लागतं," ते म्हणाले. "तुमचं मी पुसलंय का?"

नव्हतं पुसलं. विषय संपला.

आता ते इथे नाहीत. इथे म्हणजे टेक्सासमधल्या प्लेनोत. वाचकाने लगेच हळहळू नये. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर होतं. तिथल्या इतर घरांसारखंच मोठं, विटांचं, पुढे कापलेलं लॉन आणि बंद गॅरेज. या गावात शेजारी ओळखायचा तो त्याच्या गाडीवरून. माणूस गाडीबाहेर दिसला तर आपण दचकतो. काका एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते, निवृत्त झाले, काकू त्याआधीच गेल्या होत्या, आणि मुलगी दूर मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकवत होती. घरात काकांखेरीज आवाज करणारं यंत्र म्हणजे डिशवॉशर, आणि तेही ते आठवड्यातून एकदाच लावत. एका माणसाची भांडी भरायला तेवढे दिवस लागतात.

आणि वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीच्या आधी, हा माणूस ॲरिझोनात जाऊन चालायचा. तिथे मेक्सिकोच्या हद्दीपासून यूटाच्या हद्दीपर्यंत एक पायवाट जाते. खाली वाळवंट, मग डोंगर, मग पुन्हा वाळवंट, मग पाइनची जंगलं, आणि मधे एक प्रचंड दरी, जिच्या काठावरून लोक फोटो काढतात आणि जिच्यात काका उतरून पलीकडे चढले. तरुण मंडळी ही वाट एका दमात चालून टाकतात. काका तुकड्यातुकड्याने चालायचे, आणि तेही इतकं हळू, की त्यांना मागे टाकून गेलेल्या माणसाला आपण फार वेगाने चाललो याची खंत वाटावी.

मी त्यांच्याबरोबर कसा गेलो, तर त्यांच्या मुलीचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी समजते, बोलत नाही. "बाबा वोन्ट लिसन टू मी," ती म्हणाली. "विल यू गो विथ हिम, प्लीज? यू गाइज आर फ्रॉम द सेम प्लेस, राइट?" पुणं आणि नागपूर ही एक जागा नाही हे तिला समजावण्यापेक्षा वाळवंटात जाणं मला सोपं वाटलं.

त्या वाटेवर भेटणारी माणसं सामानाच्या वजनाबद्दल जशी बोलतात, तशी आपल्याकडे माणसं मुलांच्या ॲडमिशनबद्दल बोलतात. वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा कापून टाकलेला एक तरुण मी पाहिला. तो दांडा कापल्याचं सगळ्यांना सांगत होता, म्हणजे काहीतरी वाहतच होता. काकांच्या सॅकमध्ये स्टीलचं फुलपात्र होतं, सातूचं पीठ होतं, गूळ होता आणि एक कंगवा होता. काकांना पूर्ण टक्कल. पहिल्या दिवशी तो कंगवा पाहून मी मनात म्हटलं, माणूस कितीही साधा असला तरी एक हौस शिल्लक राहतेच. दुसऱ्या दिवशी चोया नावाच्या निवडुंगाचा एक गोळा माझ्या पोटरीला चिकटला. तो हाताने काढावा तर हाताला चिकटतो. काकांनी कंगवा त्याच्याखाली सरकवला आणि एका झटक्यात तो उडवून दिला.

"अहो, तुम्ही जा आता," ते म्हणाले. मला नव्हे, निवडुंगाला.

या वाटेवर माणसांना टोपणनावं असतात, आणि ती आपण स्वतः ठेवायची नसतात, दुसऱ्याने ठेवायची. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. दक्षिणेकडच्या एका छोट्या गावातल्या खानावळीत आम्ही जेवायला थांबलो. तिथल्या मेक्सिकन मालकिणीने त्यांना नाव विचारलं, आणि त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "काका." बाई थांबली. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग ती पदर नसल्यामुळे ॲप्रन तोंडाला लावून आत पळाली, आणि आतून तीन माणसं आम्हाला बघायला बाहेर आली. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ लहान मुलं चड्डीत जे करतात तो आहे, असं एकाने शेवटी फार सभ्यपणे समजावलं.

काकांनी ते नीट ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "मंडळात सगळे मला हेच म्हणतात. पण अर्थ इतका उलगडून कुणी सांगितला नव्हता."

मंडळाचं निघालं म्हणून सांगतो. मंडळाने एकदा त्यांचा सत्कार केला. मागच्या फलकावर बर्फाच्छादित शिखराचं चित्र होतं आणि त्याखाली 'ज्येष्ठ गिर्यारोहक'. काका आयुष्यात कुठल्या शिखरावर चढले नव्हते. वाट जिथे वर जाईल तिथे वर आणि खाली जाईल तिथे खाली, एवढंच. अध्यक्षांनी जिद्द या विषयावर भाषण केलं. बोलता बोलता ते स्वतःच्या जिद्दीकडे वळले आणि तिथेच बराच वेळ थांबले. मग शाल झाली, श्रीफळ झालं, आणि निवेदिकेने विचारलं, "काका, या वयात तुम्ही का चालता? थोडं इन्स्पिरेशनल सांगा ना यंग जनरेशनला."

काका माइकजवळ गेले. "सांगायला काहीतरी लागतं," ते म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बघ, निदान ऑनेस्ट आहेत यार. सगळे शो ऑफच करतात, हे कबूल तरी करतात." मलाही तसंच वाटलं. ती शाल पुढे काका वाटेवर बसायला आसन म्हणून वापरायचे, आणि नारळ आम्ही पहिल्याच चढावर दगडावर फोडून खाल्ला.

त्या वाक्याचा अर्थ मला एका रविवारी सकाळी कळला.

वाटेवरचा प्रत्येक माणूस पाणी कुठे मिळेल ते पाहून मुक्काम ठरवतो. गुरांच्या हौदातलं हिरवं पाणी गाळून पिण्याबद्दल तिथे फार गंभीर चर्चा चालतात. काका पाणी पाहायचेच, पण त्याआधी ते रविवार पाहायचे. रविवारी सकाळी ते कुठल्या तरी उंचवट्यावर असायला हवेत, म्हणजे फोनला रेंज मिळेल. शुक्रवारपासून त्यांचं चित्त त्यात असे. एका नाक्यावर जंगल खात्याचा माणूस भेटला, तर काकांनी त्याला इंग्रजीत विचारलं, "सर, इथे रेंज कुठे मिळेल?" त्याने समोरच्या डोंगरांच्या रांगेवरून अभिमानाने हात फिरवला. म्हणाला, "सर, हे सगळं रेंजच आहे."

"नो, नो. रेंज!" काकांनी फोन उंच धरून दाखवला.

"येस, सर," तो म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला फोटो काढून हवाय. त्याने काढला. माझ्याकडे तो आहे. त्यात काका फार वैतागलेले दिसतात आणि मागे रेंज फार सुंदर आली आहे.

त्या रविवारी आम्ही उजाडताच एका डोंगराच्या खांद्यावर चढलो. खाली सग्वारो निवडुंगांचं रान होतं. हात वर केलेली, एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली हिरवी माणसंच जणू. काकांनी शाल अंथरली, फोन स्पीकरवर टाकला. नागपुरात संध्याकाळ झालेली.

"काऊन रे, जिवंत आहेस का?" पलीकडून बाईचा खणखणीत आवाज.

"आहे."

"आवाज तर मेल्यासारखा येऊन राहिला. काय दिसून राहिलं?"

"निवडुंग आहेत, ताई. माणसापेक्षा पाच-सहा पट उंच. दोन्ही हात वर करून उभे आहेत."

"कोणी बंदूक रोखली का त्यांच्यावर?"

"नाही गं. तसेच वाढतात. हात फुटायलाच पाऊणशे वर्षं लागतात म्हणे."

"तुला अक्कल फुटायला लागली तेवढी. टोपी घातली का?"

"घातली."

"खोटं बोलून राहिला."

काकांनी मुकाट्याने सॅकमधून टोपी काढून डोक्यावर ठेवली. ती ताई, त्यांची थोरली बहीण. शाळेत मास्तरीण होती. आई लवकर गेल्यामुळे काकांचं नाक पुसण्याचं काम तिनेच केलं होतं. ती त्यांना ज्या नावाने हाक मारायची ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ हसत होते. मग त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर ते प्लेनोतूनच दर रविवारी ताईला फोन करायचे. ती विचारायची, काय केलं या आठवड्यात? काका म्हणायचे, लॉन कापलं. पुढच्या रविवारी, काय केलं? लॉन कापलं. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "अरे, अमेरिकेला काय गवत कापायला गेलता का तू? सांगण्यासारखं काही नसेल तर फोन कशाला करतो?" काकांनी घरभर पाहिलं. सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. बायको गेली होती, नोकरी संपली होती, आणि जे उरलं होतं ते दर आठवड्याला तेवढंच वाढत होतं आणि तेवढंच कापलं जात होतं.

"म्हणून ही वाट धरली," ते म्हणाले. "लांब आहे, आणि दर आठवड्याला वेगळी दिसते. हळू चाललं तर पुरेल."

पुढचं वर्ष मी जाऊ शकलो नाही. त्याच्यानंतरच्या शरदात पुन्हा गेलो. आता वाट उत्तरेला पोचली होती. फ्लॅगस्टाफजवळच्या डोंगरउतारावर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती, आणि वारा आला की सगळं रान एकदम थरथरायचं. पहाटे फुलपात्रातलं पाणी गोठायचं. काका पूर्वीपेक्षा कमी बोलत होते. रविवारी आम्ही वर चढलो, शाल अंथरली. फोन ताईंना सांभाळणाऱ्या बाईंनी उचलला आणि त्यांच्याकडे दिला.

"कोण बोलून राहिलं?"

"ताई, मी."

"मी म्हणजे कोण? नाव सांगा ना तुम्ही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, जसं पासपोर्टवर असतं तसं.

"हो का?" ताई खूश झाल्या. "आमच्या भावाचं पण हेच नाव आहे. अमेरिकेत असतो. एक नंबरचा नालायक. पण रविवारी फोन करतो हं न चुकता."

"आज रविवारच आहे."

"अगं बाई! मग ठेवा हो तुम्ही फोन. त्याचा यायचा असेल. एंगेज लागेल त्याला."

काकांनी फोन ठेवला. मी झाडांकडे बघत राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं मंडळाच्या अध्यक्षांनी बोलण्यासारखं होतं. काकांनी थोडा वेळ जाऊ दिला. एखाद्याला रिकामी लाइन मिळायला लागतो तेवढा. मग त्यांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि पुन्हा तोच नंबर लावला.

"हॅलो, ताई..."

"पुन्हा तुम्हीच का हो?" पलीकडचा आवाज हिरमुसला. मग शिष्टाचार आठवला असावा. "बरं बोला. कुठून बोलून राहिले तुम्ही?"

"जंगलातून," काका म्हणाले. आणि मग त्यांनी ती पिवळी झाडं सांगितली. खोडं कशी पांढरी आहेत, चुना लावल्यासारखी. पानं पैशाएवढी आहेत आणि वारा नसला तरी हलतात. रात्री हरणांचं मोठं भावंड असावं असा एक प्राणी कसा शिट्टी वाजवल्यासारखा ओरडतो. काका इतकं लांबलचक बोलताना मी कधी ऐकले नव्हते. बोलताना ते अधूनमधून "तुम्हाला सांगतो" असं म्हणत होते, थोरल्या बहिणीला.

"फार छान सांगता हो तुम्ही," ताई म्हणाल्या. "आमच्या याला काही सांगताच येत नाही. नुसतं लॉन कापलं म्हणतो. तुम्हाला घरी कोणी आहे का?"

"बहीण आहे. मोठी."

"मग म्हाताऱ्या बहिणीला सोडून रानात काय हिंडून राहिले? आणि हे बघा, आमचा भाऊ तिकडे कुठे भेटला तर त्याला निरोप द्या. एकदा येऊन जा म्हणावं."

"सांगतो," काका म्हणाले.

"आणि टोपी घालत जा. थंडी असेल तिकडे."

टोपी डोक्यावरच होती.

त्या दिवशी आम्ही पुष्कळ चाललो. काका पुढे, मी मागे. दुपारी कुठेतरी ते न वळता म्हणाले, "आज मला अहो म्हणाली." आणि चालत राहिले. मी हिशेब केला. मुलगी त्यांना बाबा आणि यू म्हणते. गल्लीतले मिस्टर म्हणतात. आम्ही सगळे काका म्हणतो, मेक्सिकन खानावळीत अर्थ कळल्यानंतरही. त्यांना अरे म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते अजून होतं, रोज जेवत होतं, झोपत होतं, रविवारी फोनची वाट पाहत होतं.

तरी काका चालत राहिले आणि फोन करत राहिले. ताई आता त्यांना 'चालणारे गृहस्थ' म्हणून ओळखायच्या. म्हणजे काही रविवारी ओळखायच्या. दरी ओलांडून काका पलीकडच्या पठारावर पोचले. शेवटच्या तुकड्याला मी बरोबर होतो. पाइनचं जंगल संपलं आणि एकदम समोर सगळं उघडं झालं. खाली लाल माती, लाल कडे, आणि त्यांच्यात कुठेतरी यूटाची हद्द. एक उतार उतरला की वाट संपणार होती. रविवार नव्हता, पण काकांनी शाल अंथरली आणि बसले.

"अहो पुणेकर, परत फिरू."

"आता? काका, समोर दिसतंय!"

"दिसतंय ना? मग झालं की."

"पण का?"

"एक निरोप आहे. पोचवायचा राहिलाय." ते उठले, शाल झटकून घडी केली. "ज्याच्यासाठी दिलाय तो मनुष्य फार चालढकल करतो. समोर धरून सांगितल्याशिवाय जायचा नाही."

मंडळाची पंचाईत झाली. त्यांनी 'वाट पूर्ण केल्याबद्दल' असा फलक आधीच छापून घेतला होता. सेक्रेटरी घरी आले. "काका, थोडंसंच तर राहिलंय. कोणाला कळणार आहे?"

"तुमच्या फलकाला कळेल," काका म्हणाले. "त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल."

घर विकलं, कंगवा मला दिला, आणि काका नागपूरला गेले.

आता दर रविवारी मला त्यांचा फोन येतो. "अहो पुणेकर, काय केलं या आठवड्यात?" मी खिडकीतून बाहेर बघतो आणि सांगतो, लॉन कापलं. त्यांना हसू आल्याचं फोनवरही कळतं. ताईंनी त्यांना वरची खोली भाड्याने दिली आहे. स्वतःच्याच बहिणीकडे ते भाडेकरू आहेत, आणि चांगले भाडेकरू आहेत असं ताई शेजारणींना सांगतात. सकाळी चहाला त्यांना खाली बोलावतात. बसा म्हणतात. निवडुंगाची गोष्ट सांगा म्हणतात. भाऊ येणार आहे म्हणतात.

गेल्या रविवारी त्यांनी मला विचारलंच नाही काय केलं म्हणून. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "काल अरे म्हणाली."

"कोण? ताई? काका! काय म्हणाल्या?"

"मी चहाची वाट बघत स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो. तर ओट्याशी पाठमोरी होती, तशीच म्हणाली, 'अरे, पायात काय घुटमळतो? बस ना एका जागी.'"

"मग? ओळखलं तुम्हाला?"

"ते नक्की सांगता येत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज हवामानाचा अंदाज सांगावा तसा होता. "दारातलं कुत्रंही तिथेच होतं. आम्ही दोघांनी वर बघितलं."

"मग?"

"मग काय, मी बसलो. कुत्रं काही बसलं नाही."